पाण्यातलं प्लुटोनियम मीटर जवळ नेऊन कळत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

पाण्यात युरेनियम किंवा प्लुटोनियम सापडल्याची बातमी आली की सोबत गायगर काउंटर धरलेल्या माणसाचा फोटो असतो, आणि लोकांना वाटतं की यंत्र बाटलीजवळ नेलं की टिकटिक होते आणि आकडा मिळतो. असं होत नाही हो. मी बरीच वर्षं हेच मोजमाप केलंय म्हणून लिहितेय.

प्लुटोनियम-239, अमेरिशियम-241 हे अल्फा कण (किरणोत्सारातले जड, थोड्याच अंतरात थांबणारे कण) सोडतात आणि अल्फा कण पाण्यात मिलिमीटरचा विसावा भाग जेमतेम कापतो, मग बाटलीच्या बाहेर येणार कुठून? म्हणून सॅम्पलच सिंटिलेशन कॉकटेलमध्ये (कणाची ऊर्जा मिळाली की चमकणाऱ्या द्रवात) मिसळायचं, म्हणजे कण कुठल्याही दिशेने सुटला तरी आजूबाजूला चमकणारं द्रव असतंच, तो प्रकाश फोटोमल्टिप्लायर ट्यूब (अगदी मंद चमकही टिपणारी नळी) पकडते आणि जवळपास 100 टक्के अल्फा मोजले जातात. बीटा कणांचा (किरणोत्सारातल्या इलेक्ट्रॉनांचा) गोंधळही काढता येतो कारण अल्फाची चमक जराशी उशिरा विझते. पण एक अल्फा दुसऱ्यापासून वेगळा ओळखणं इथे कठीण, प्लुटोनियमचा 5.15 आणि अमेरिशियमचा 5.49 एमईव्हीचा (हे कणाच्या ऊर्जेचं एकक) पीक, म्हणजे आलेखातलं टोक, इतके पसरट येतात की एकमेकांवर चढतात.

म्हणून आधी केमिस्ट्री. नायट्रिक ॲसिडमधून एक्स्ट्रॅक्शन करून एकेक मूलद्रव्य बाजूला काढायचं, आणि इथेच खरी कसोटी लागते. प्लुटोनियम ऑक्सिडेशन अवस्था (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावलेत ती, +3, +4 अशी) बदलत राहतं, सोडियम नायट्राइटने ते +4 मध्ये आणून ठेवलं नाही आणि +3 मध्येच राहिलं तर ते अमेरिशियमसोबत निघून जातं. आमच्याकडे एकदा एकाच सॅम्पलच्या दोन भागांचे आकडे निम्मे-दुप्पट आले, सगळे चक्रावलो, पण सुरुवातीलाच ट्रेसर, म्हणजे वाटेत किती हरवलं ते कळण्यासाठीची खूण, म्हणून मोजून प्लुटोनियम-236 टाकलेलं होतं त्यामुळे कळलं की एका भागात निम्म्याहून जास्त प्लुटोनियम वाटेतच हरवलंय, नायट्राइट जुनं झालेलं होतं. तो ट्रेसर नसता तर तोच अर्धा आकडा आम्ही खरा म्हणून सही करून दिला असता, हे आठवलं की अजून धस्स होतं.

आता बातम्यांबद्दल. "आढळले नाही" म्हणजे शून्य नव्हे. 1 मिलिबेकरेल (किरणोत्साराचं एकक असलेल्या बेकरेलचा हजारावा भाग) म्हणजे 1000 सेकंदात सरासरी एका अणूचं विघटन, प्लुटोनियम-239 च्या हिशोबात अर्ध्या पिकोग्रॅमहूनही कमी. अर्धा तास मोजून काही दिसलं नाही म्हणणं आणि दिवसभर मोजून म्हणणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं म्हणजे युरेनियमची जागतिक आरोग्य संघटनेची 30 मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा किडनीवरच्या रासायनिक परिणामामुळे आहे, किरणोत्सारामुळे नाही, एवढं युरेनियम-238 स्वतः लिटरमागे 0.4 बेकरेलसुद्धा भरत नाही. तुमच्या बातम्यांत मायक्रोग्रॅम आणि बेकरेल सर्रास एकाच वाक्यात कालवलेले असतात आणि वाचणारा उगाच घाबरतो, नाहीतर उगाच निर्धास्त होतो.

तेव्हा कळकळीची विनंती, रिपोर्ट हातात आला की वार्ताहराने ट्रेसरची रिकव्हरी (टाकलेल्यापैकी शेवटी हाती आलेला वाटा) किती आली, किती वेळ मोजलं आणि किमान किती पकडता येत होतं हे विचारावं, आणि "आढळले नाही" ऐवजी "इतक्या बेकरेलपेक्षा कमी" असं आकड्यासकट छापावं.

आपली,
एक नियमित वाचक