ठिबकचे अनुदान अडते कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ठिबकचे अनुदान रखडले की गावात पहिला संशय कृषी सहायकावर जातो. तो कधी खराही असतो. पण बरेचदा प्रस्ताव तालुक्यातून केव्हाच पुढे गेलेला असतो आणि योजनेच्या खात्यात पैसाच नसतो.

‘प्रति थेंब अधिक पीक’ या केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकाला 55 टक्के, इतरांना 45 टक्के अनुदान आहे. या रकमेत केंद्राचा वाटा 60 आणि राज्याचा 40. त्यावर राज्य सरकार मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे 25 आणि 30 टक्क्यांची भर घालते. 80 आणि 75 टक्के हे आकडे असे तयार होतात. केंद्राचा हिस्सा हप्त्याहप्त्याने सुटतो. आधीच्या पैशाचा खर्च दाखवावा लागतो, राज्यानेही आपला वाटा घालावा लागतो. एकाने हात आखडता घेतला की दुसऱ्याचे अडते. म्हणून मूळ रक्कम आधी आणि पूरक रक्कम मागाहून, असेही घडते. शिवाय सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती यांची लेखाशीर्षे, म्हणजे सरकारी हिशेबातली निधीची खाती, वेगळी. एका शीर्षातले पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत. बांधाला बांध लागून असलेल्या दोघांनी एकाच दिवशी अर्ज केला, तरी एकाचे जमा होऊन दुसऱ्याचे थांबते ते यामुळे. त्यात वशिला असतोच असे नाही.

दुसरा घोळ टक्क्यांचा. 80 टक्के हे बिलाचे नव्हेत, शासनाने ठरवलेल्या मापदंड खर्चाचे. समजा मापदंड 1 लाखाचा आणि बिल सव्वा लाखाचे, तर अनुदान 80 हजारच. शेतकऱ्याच्या खिशातून 45 हजार जातात. हा मापदंड दोन नळ्यांतल्या अंतरावर ठरतो. आपल्याकडे हळदीला साधारण पाच फुटांवर नळी टाकतात. दीड मीटर अंतर धरले तर हेक्टरी 6,667 मीटर नळी लागते, 1.2 मीटर धरले तर 8,333 मीटर. बिलात 1.2 आणि रानात दीड, अशी तफावत मोका तपासणीत टेप लावताच उघडी पडते आणि अनुदान कापले जाते. हा आकडा बहुधा विक्रेत्याने भरलेला असतो, सही मात्र शेतकऱ्याची. ‘अनुदानाचा भाव’ आणि ‘रोखीचा भाव’ असे दोन दर सांगणाऱ्याकडून तर आराखडा मीटरमध्ये लिहून घेतल्याशिवाय माल उचलू नये.

अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर होतो आणि आता शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. दोन गावांत जमीन असेल तर सगळे गट त्या क्रमांकाला जोडलेले आहेत ना, हे आधी बघावे. सातबारावर विहीर किंवा बोअरची नोंद हवी. सामाईक खाते असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते. आणि कृषी विभागाची पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नये; त्याआधीच्या तारखेचे बिल चालत नाही. लागवड तोंडावर आली की अनेक जण इथेच घाई करतात. पूर्वसंमतीलाही मुदत असते, ती उलटली की अर्ज रद्द होतो.

सगळे सुरळीत होऊनही पैसे ‘गायब’ झाल्याची तक्रार येते. पैसे आधारवर जमा होतात, म्हणजे पासबुक कोणतेही जोडा, रक्कम जाते एनपीसीआयच्या (बँकांमधील पैशांची देवाणघेवाण सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत आधारशी जोडलेल्या बँकेत. ती बहुतेक वेळा शेवटी जोडलेली बँक असते. कधी काळी उघडून विसरलेले खातेही निघते. आधारच्या संकेतस्थळावर ही नोंद दोन मिनिटांत दिसते.

आता मुख्य मुद्दा. पूर्वी सोडत निघायची. 2025-26 पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ आले. बदल चांगला आहे, पण रांग दिसली तरच. आपला क्रमांक कितवा, आपल्या प्रवर्गासाठी तालुक्याला किती निधी आला, त्यातून कोणत्या तारखेपर्यंतचे प्रस्ताव निघाले, हे शेतकऱ्याला कळत नाही. ‘प्रलंबित’ एवढाच शेरा दिसतो. त्रुटीमुळे प्रलंबित आणि निधीअभावी प्रलंबित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत शेतकऱ्याने धावपळ करायची असते, दुसरीत ती फुकट जाते.

माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4(1)(ख) मध्ये अनुदान योजनांची अंमलबजावणी, त्यांना दिलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कुणी न मागता जाहीर करण्याचे बंधन आहे. मराठवाड्यातील प्रत्येक तालुका कृषी कार्यालयाने दर महिन्याच्या 5 तारखेला योजना व प्रवर्गनिहाय आलेला निधी, झालेला खर्च आणि शेवटच्या मंजूर अर्जाची तारीख एका कागदावर दाराशी लावावी. त्यासाठी नव्या शासन निर्णयाची गरज नाही.

— एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक, वसमत (जि. हिंगोली)