शिलालेखांना ऑइलपेंट नको

महोदय,

अलिबागजवळच्या आक्षीच्या शिलालेखात महालक्ष्मीच्या बोडणासाठी (देवीच्या नैवेद्याच्या विधीसाठी) नऊ कुवली (धान्याचे जुने माप) धान्य नेमून दिलेले आहे. लेखाचा काळ सहसा शके 934, म्हणजे इ.स. 1012 धरतात, त्यावर वाद आहे. तुर्कस्तानातील कारातेपे इथल्या लुवियन या प्राचीन भाषेच्या चित्रलिपीतल्या लेखात, सुमारे 2,700 वर्षांपूर्वी, असाच हिशेब कोरला आहे : देवाला वर्षाला एक बैल, नांगरणीला एक मेंढा, सुगीला एक मेंढा. तिथे तोच मजकूर फिनिशियन लिपीतही असल्यामुळे चित्रलिपीचे वाचन पक्के झाले. आपल्याकडे असा जोडलेख क्वचितच मिळतो, म्हणून प्रत्येक रेघ मोलाची.

आणि नेमक्या त्या रेघा आपण रंगाखाली बुजवतो! गावोगावच्या गद्धेगाळींवर, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी देणाऱ्या कोरीव दगडांवर, भक्तिभावाने शेंदूर, तेल, ऑइलपेंट चढतो. खाऱ्या हवेतले मीठ दगडात मुरते, रंगामुळे ओल आत कोंडते, मिठाचे स्फटिक फुगतात आणि अक्षरांसकट पापुद्रा सुटतो. तारेचा ब्रश, ॲसिड, सिमेंटचा चौथरा हेही टाळावे. अक्षरांत खडू भरू नये. भरणाऱ्याचा अंदाजच मग वाचन म्हणून रूढ होतो.

फोटो रात्री काढावा. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून तिरपा धरावा. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून. एकाच बाजूने उजेड दिला तर त्याला समांतर असलेली रेघ दिसतच नाही, आणि एका जागी अनुस्वार वाटलेला ठिपका दुसऱ्या उजेडात साधा खड्डा निघतो. शेजारी मोजपट्टी हवीच. कागदी ठसा (ओला कागद दगडावर दाबून, वरून शाई लावून घेतलेली नक्कल) जाणकारांनीच घ्यावा : कागद फार ओला राहिला तर शाई दगडात उतरते.

– शिलालेखांचे काही अभ्यासक, अलिबाग