डावा खांदा

चि. सानू,
अनेक आशीर्वाद.

तुझी सातही रेखाटनं पाहिली. प्रतीक्षालयात झोपलेल्या त्या बाईंच्या चित्रापाशी बराच वेळ थांबलो. चपला उशाशी, पिशवीचा बंद मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळलेला. तो बंद तुझ्या नजरेतून सुटला नाही, याचंच मला जास्त अप्रूप. चेहरा मात्र त्यांचा नाही, तुझ्या डोक्यातला आहे. डोळे फार वर गेलेत. टाळू ते हनुवटी मोजलंस तर डोळे साधारण निम्म्यावर येतात. आपण कपाळ आखूड करून टाकतो, कारण नजर डोळे-नाक-तोंडाभोवतीच घुटमळते. कपाळाकडे बघतो कोण!

तुझ्या वयाचा असताना मीही असाच तोंडघशी पडलोय. फलाटावर खांबाला टेकलेल्या एका हमालाला काढत होतो. त्याच्या ध्यानात आलं. तो सरळ येऊन म्हणाला, "वही दाखवा." आता बोलणी बसणार, असं वाटलं. त्याने चित्र नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "खांदे सारखे काढलेत. माझा डावा उतरलाय, ओझ्याने." मान वर करून पाहिलं, तर खरंच चांगला दोन बोटं खाली! अर्धा तास समोर बसून मला तो दिसला नव्हता. खांदे सारखे असतात, हे मी घरूनच ठरवून आलो होतो ना.

म्हणून अधूनमधून कागदाकडे न बघता काढत जा. नजर माणसाच्या कडेवरून मुंगीसारखी सरकवायची, तिच्या चालीने पेन्सिल. नाक कानाशी जाऊन बसेल, हसू येईल, येऊ दे. खुर्चीचे पाय चुकतायत? मग पाय काढूच नकोस, त्यांच्यामधली मोकळी जागा काढ. आणि उभा माणूस असेल तर आधी भार कुठल्या पायावर आहे ते बघ. तिकडची कंबर वर चढलेली असते. ते चुकलं की बाकी कितीही घोट, माणूस पडायला आल्यासारखाच दिसतो.

मेन्झेल नावाचा जर्मन चित्रकार होता. म्हणे त्याच्या ओव्हरकोटाला आठ खिसे होते, वह्या ठेवायला. १८४५च्या सुमारास त्याने न आवरलेला पलंग काढलाय: चुरगळलेली पांघरुणं, दबलेल्या उशा, बस्स. पाहिल्यावर मला तुझी खोली आठवली, खोटं कशाला बोलू.

कोणी अवघडलं, तोंड फिरवलं, तर मात्र वही मिटायची. तिथे हट्ट नको.

बाईंचं चित्र आता खोडून सुधारू नकोस, तसंच राहू दे. घरी आलीस की आईला काढ, ती चष्मा शोधत असताना. चष्मा कपाळावरच असतो, पण मान काढून होईपर्यंत तिला सांगू नकोस.

तुझा,
बाबा