पडघ्याहून गाडी फिरवणाऱ्या दादांना

मोंबासा, केनिया, रविवार सकाळ

दादा, सलाम.

पोचलो. आठही जण, सामानासकट. "पोचल्यावर मिस्ड कॉल द्या," असं तुम्ही म्हणाला होतात, पण इकडून तो काही लागेना, म्हणून हे पत्र. चारचौघांत वाचलं जावं म्हणून मुद्दामच उघडं लिहितेय. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही गाडीच्या काचा पुसायला लागता. नाव घालत नाही, निर्धास्त राहा.

आधी माझा गुन्हा. आमच्या चर्चच्या मंडळीचा हा पहिलाच परदेशातला सेवा दौरा, आणि कागदपत्रांची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली होती. महिला मंडळाचा जमाखर्च बारा वर्षं ठेवलाय, तेव्हा आठ माणसांचे कागद म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं. पासपोर्ट पोटाच्या पाकिटात होते. पिवळ्या तापाच्या लशीची पुस्तकं वेगळी, रबर लावून प्लॅस्टिकच्या पाकिटात. इगतपुरीला आपण समृद्धीवर चढलो, तो जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा लागला आणि आत दिवसासारखा उजेड पाहून मला काय सुचलं कोण जाणे, नावं पुन्हा एकदा पासपोर्टशी ताडून बघायला मी पुस्तकं बाहेर काढली. त्याच वेळी तुम्ही आरशातून विचारलंत, "ताई, आफ्रिकेला लोक जनावरं बघायला जातात. तुम्ही कशाला?"

झालं. मी बोलत सुटले आणि पुस्तकं गेली पुढच्या सीटच्या जाळीत, चिक्कीच्या पुड्याशेजारी.

तुम्हाला ती गोष्ट अर्धीच सांगून झाली होती, म्हणून इथे पुरी करते. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन पोरं इंग्रजांच्या आरमाराने मुंबईला आणून उतरवली, आणि त्यातली कित्येक आपल्या नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. अक्षरं शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या लिव्हिंगस्टन नावाच्या मिशनऱ्याच्या शोधात निघालेल्या तुकडीत गेला. 1873 साली लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांच्यावरची प्रार्थना त्यानेच वाचली, झाडावर नाव कोरलं, आणि ते सगळे मिळून प्रेत हजार मैलांहून जास्त अंतर पायी वाहत समुद्रापर्यंत घेऊन आले. नाशिकची आणखी काही माणसं मोंबासाला परतली. तिथे सुटलेल्या गुलामांसाठी जी वस्ती वसली तिचं नाव फ्रेअर टाउन, मुंबईचे एके काळचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. आम्ही चाललो होतो ते त्याच गावात. इथल्या मंडळीबरोबर बारा दिवस राहायचं, बायकांचा शिवणवर्ग आणि मुलांचं शिबिर घ्यायचं.

"म्हणजे नाशिकचीच पोरं होती की!" तुम्ही म्हणालात. आमच्या पाळकसाहेबांनी निघण्याआधी अर्धा तास जे समजावलं, ते तुमच्या या एका वाक्यात आलं. (त्यांना हे मी सांगितलंय. हसले, पण थोडंसंच.)

रात्री साडेबाराला तुम्ही आम्हाला मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनवर सोडलंत. तीनच्या सुमारास काउंटरवरच्या मुलीने पिवळं पुस्तक मागितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ती बिचारी शांतपणे समजावत होती. हा ताप आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारे डास आपल्याकडे भरपूर, म्हणून केनियाहून परतणाऱ्याकडे लशीचा दाखला नसला तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, म्हणजे तिथल्या तिथे टोचून घेऊ म्हणण्यातही अर्थ नव्हता. लस आम्ही सगळ्यांनी महिन्यापूर्वीच मुंबईला येऊन घेतली होती. दाखले मात्र पडघ्याच्या धाब्यासमोर उभ्या असलेल्या तुमच्या गाडीत.

तुम्ही झोपला होतात. तिसऱ्या रिंगला उचललात. मी रडकुंडीला येऊन काहीतरी बडबडत होते, आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "जाळीत आहेत. दिसली. निघालो." मधे ना 'अरे देवा', ना 'ताई, असं कसं केलंत?'.

इकडे आम्ही आठ जणांनी गोल करून प्रार्थना केली. खरं सांगते, माझं लक्ष प्रार्थनेत नव्हतं, घड्याळात होतं. काउंटर साडेचारला बंद होणार होता. भिवंडीजवळ ट्रकांची रांग लागल्याचं तुम्ही कळवलंत, तेव्हा तर मी घरी परत जायची तयारी मनात करून टाकली. चार वाजून बारा मिनिटांनी काचेच्या दारापलीकडे तुमचा निळा शर्ट दिसला. मागे वाहतूक पोलीस शिट्टी फुंकतोय, गाडीचं दार उघडंच. तुम्हाला आत सोडत नव्हते, आम्हाला बाहेर येऊ देत नव्हते. दारावरच्या जवानाने पाकीट घेतलं, आत एकेक पुस्तक उलटून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. तेवढ्यात माझं लक्ष तुमच्या पायांकडे गेलं. चप्पल नव्हती. झोपेतून उठून तसेच स्टिअरिंगवर बसला होतात.

मी हात जोडेपर्यंत तुम्ही गाडीत. डिझेलचे पैसे पाठवले ते तुम्ही परत पाठवलेत, टोलचे तेवढे ठेवलेत. हिशेबाला चोख आहात, पण हा हिशेब मला मान्य नाही. आल्यावर बोलू.

बाकीचा दिवस सुरळीत गेला, म्हणून थोडक्यात. सहा तासांनी नैरोबी. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे उतरलो तेव्हा इथे सकाळचे नऊ. गाव उंचावर, स्वेटर घालावे लागले. दुपारच्या रेल्वेने मोंबासा, पाच-सहा तास. वाटेत त्सावोच्या रानात हत्ती दिसले, लाल मातीत लोळून विटकरी झालेले. आमच्या डब्यातली सगळी एका खिडकीशी गोळा झाली. तेव्हा तुम्ही हवे होतात, जनावरं बघायला जातात म्हणणारे.

भाषेची धास्ती होती, तीही निम्मी गेली. इथे दुकानाला दुका म्हणतात, हिशेबाला हेसाबू, रंगाला रंगी. चपाती ती चपातीच. गाडीला गारी, आणि ड्रायव्हरला देरेवा. रात्री इथल्या मंडळीने जेवायला वाढलं आणि प्रवासाचं विचारलं, तेव्हा पाळकसाहेबांनी नैरोबी, हत्ती सगळं बाजूला ठेवून तुमचीच गोष्ट सांगितली. दुभाष्याने 'देरेवा' म्हटलं की म्हाताऱ्या बायका माना डोलवत होत्या. अनवाणी पायांपाशी आला तेव्हा एकीने आपल्याच पायाकडे बोट दाखवून पुन्हा विचारलं, खरंच?

आता उपासनेला निघायचंय. दुपारी फ्रेअर टाउनचा चौक बघणार आहोत. केंगेलेनी म्हणतात त्याला, घंटेवरून पडलेलं नाव. गुलाम पकडणारे आले की तिथे घंटा वाजवायचे. फोटो पाठवते.

परतताना न्यायला तुम्हीच यायचं. पिवळी पुस्तकं आता माझ्या गळ्यात आहेत, आंघोळीपुरतीच खाली उतरतात. आणि चप्पल धाब्यावर मिळाली का ते कळवा. इथे जुन्या टायरच्या चपला करतात, अकाला म्हणतात. रेल्वेत समोरच्या माणसाच्या पायात होत्या, विचारून घेतलं. दणकट दिसल्या. पायाचा नंबर पाठवा.

तुमची,
कागदपत्रांवाली ताई