दिसते, पण सिद्ध कधी करायचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मिरजेत मी बी.एस्सी.च्या वर्गाला भूमिती शिकवते. ‘जिओजेब्रा’ या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढत राहिले, की लंबसंपात (तिन्ही शिरोलंब मिळतात तो बिंदू), मध्यगासंपात (तिन्ही मध्यगा मिळतात तो) आणि परिकेंद्र (बाजूंचे लंबदुभाजक मिळतात तो) एका रेषेवरच सरकताना दिसतात. ऑयलर या गणितज्ञाने 18व्या शतकात दाखवलेली ही रेषा. काटकोन झाला की लंबसंपात थेट त्या शिरोबिंदूत जाऊन बसतो. समभुज झाला की तिन्ही बिंदू एक होतात, रेषाच उरत नाही. फळ्यावरच्या स्थिर आकृतीत हे दाखवता येत नाही.

मग मुले विचारतात, “मॅडम, दिसतंय की! सिद्ध कशाला करायचं?” हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पडद्यावर कितीही त्रिकोण तपासले तरी ते मोजकेच, आणि ‘का’ हे त्यातून कळत नाही. मध्यगासंपाताभोवती आकृती 180 अंशांत फिरवून निम्मी केली, की प्रत्येक शिरोलंब समोरच्या बाजूच्या लंबदुभाजकावर जातो, म्हणून लंबसंपात परिकेंद्रावर. मध्यगासंपातापासून लंबसंपात आणि परिकेंद्र यांच्या अंतरांचे 2:1 हे गुणोत्तरही तिथेच हाती लागते.

परीक्षेत मात्र पाठ केलेली सिद्धताच विचारली जाते. हे सॉफ्टवेअर शिकण्यासाठी मोफत आहे, मोबाइलवरही चालते. विद्यापीठांनी प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला स्वतः शोधलेला गुणधर्म मांडून त्याची सिद्धता लिहायला सांगावी, त्याला गुण द्यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक गणित प्राध्यापिका, मिरज