माइल्स कमी, अधिभार भारी

संपादक महोदय,

साठवलेल्या माइल्सवर, म्हणजे विमान कंपन्या प्रवाशांना बक्षीस म्हणून देतात त्या गुणांवर, लांब पल्ल्याचे बिझनेस क्लासचे तिकीट काढताना बहुतेक जण किती माइल्स लागतील एवढेच पाहतात. परंतु ब्रिटिश एअरवेजसारख्या काही कंपन्या सरकारी करांखेरीज स्वतःचा अधिभारही पैशांत वसूल करतात आणि तो धरल्यावर या ‘फुकट’ तिकिटाचा हिशेब पार बदलतो. आसनरचनाही तितकीच महत्त्वाची. १-२-१ मांडणीत (दोन्ही खिडक्यांजवळ एकेक आसन, मध्ये दोन) प्रत्येकाला थेट मार्गिकेत उतरता येते, तर २-२-२ मांडणीत खिडकीजवळच्या प्रवाशाला मध्यरात्री झोपलेल्या शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. कतार एअरवेजने बिझनेस क्लासमध्ये २०१७ साली आणलेल्या, दार असलेल्या खासगी कक्षासारख्या क्यूस्वीटचे कौतुक रास्तच आहे. मात्र ती त्यांच्या प्रत्येक विमानात नसते, म्हणून विमानाचा प्रकार आरक्षणापूर्वीच तपासावा. जेवणाच्या यादीवरून कंपनी निवडणे मला तरी पटत नाही.

– एक वाचक