बॅकलाइट तपासताना बूस्ट मॉड्यूल जपून

संपादक महोदय,

टीव्हीची बॅकलाइट पट्टी (पडद्यामागची एलईडींची पट्टी) तपासायला सर्रास बूस्ट मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज वाढवून देणारे सर्किट, घेतले जाते. पण ते इनपुटपेक्षा कमी व्होल्टेज देऊ शकत नाही. 12 व्होल्टवर चालणाऱ्या मॉड्यूलला 3 व्होल्टचा सुटा एलईडी जोडला, की मॉड्यूलवर लावलेली करंटची मर्यादा कुचकामी ठरते आणि एलईडी जळतो. सुट्या एलईडीसाठी व्होल्टेज कमीही करू शकणारे बक-बूस्ट मॉड्यूलच घ्यावे.

6 व्होल्टच्या दहा एलईडींच्या सिरीज (एकापुढे एक जोडलेल्या) पट्टीला सुमारे 60 व्होल्ट लागतात. करंट मात्र 20 मिलिअँपिअर पुरे, फक्त उजेड पडतो का हेच तर पाहायचे असते. आधी पट्टी जोडा, मगच मॉड्यूलचा स्विच चालू करा. उलट केले तर आउटपुट कपॅसिटरमध्ये साठलेला चार्ज मर्यादेला न जुमानता थेट एलईडीत जातो. एवढ्या व्होल्टेजवर उघड्या प्रोबला कृपया हात लावू नका.

– टीव्ही दुरुस्ती कारागीर